लिलावात न पोहोचलेली पाकटं

१

कुलूप जागच्या जागी होतं, खिडकीचे गज शाबूत होते, कपाटाची काचही कुणी फोडलेली नव्हती. फक्त वरच्या कप्प्यातलं लाल पाठीचं जाडजूड रजिस्टर तेवढं नव्हतं. शेजारची जुनी चौदा रजिस्टरं एकमेकांना टेकून उभी होती.

"मामा, तू आत्ताच्या आत्ता ये," भाचीचा फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. "गुरुवारी दुपारी बैठक आहे आणि पुरावाच गायब झालाय."

"पोलिसांना सांग."

"सांगितलं. म्हणाले, वहीच ना, सापडेल कुठेतरी."

मी छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली एकवीस चौकशी अधिकारी म्हणून. हरवलेली पत्रं आणि फुटलेली पार्सलं यांच्या मागे फिरायचं, हा माझा धंदा. बायकोला ते कधी काम वाटलंच नाही. भाचीला मात्र लहानपणापासून वाटायचं की मामा गुप्तहेर आहे, आणि मीही तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. त्याची शिक्षा कधीतरी भोगावी लागणारच होती. उरलेली अर्धी दाढी उरकून मी मासळीच्या धक्क्यावर पोहोचलो.

भाची मत्स्यशास्त्रज्ञ आहे. धक्क्यावरून चालता चालता तिनं मला सगळं समजावलं, कारण मासा आणि माझा संबंध ताटापलीकडे कधी गेलेला नव्हता. चांदणी पाकट हा किनाऱ्यालगत राहणारा चपटा मासा. दोन बाजूंना पंख पसरलेले, मागे चाबकासारखी शेपूट, तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके. ते नामशेष होण्याच्या वाटेवर आहे असं ठरल्यामुळे इथल्या खाडीत जाळी टाकायला बंदी होती. आता गुरुवारी समितीच्या बैठकीत त्याच्या धोक्याची पायरी नव्यानं ठरवायची होती. मसुदा तयारच होता: पाकटं वाढतायत, धोका एक पायरी खाली आणावा.

"एक पायरी खाली आलं की खाडी उघडते," भाची म्हणाली. "आणि एकदा उघडली की पाच वर्षांनी पुन्हा मोजायला पाकटं उरायची नाहीत."

"पण वाढतायत ना?"

"एकूण आकडा वाढतोय. मोठी दर वर्षी कमी होतायत, लहान वाढतायत. पाच वर्षांपूर्वी मोठी दोनशे चार, लहान एकतीस. गेल्या वर्षी मोठी एकशे अठरा आणि लहान दोनशे सत्त्याण्णव. आमच्या संस्थेचे सर म्हणतात, लहान खूप म्हणजे घर भरतंय. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. म्हणून शुक्रवारी धक्क्यावर सगळ्यांसमोर मूळ रजिस्टर मागितलं. सोमवारी सकाळी ते नाहीसं झालं."

तिचा आवाज जरा फाटला. ही मुलगी परीक्षेत नापास झाली तेव्हाही रडली नव्हती, त्यामुळे मी रुमाल पुढे केला.

मोजणीच्या खोलीच्या चाव्या तिघांकडे होत्या. मोजणीवाल्या मावशी, संस्थेतला आकडे भरणारा आणि बोटमालक संघाचा चेअरमन, कारण इमारत संघाची. चेअरमननं सोमवारीच सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं होतं की हे काम मावशीचंच.

"मग त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काहीच नाही. मामा, एकोणीस वर्षं धक्क्यावर ज्यांचा आवाज ऐकून बोटी लागतात, त्या एक शब्द बोलल्या नाहीत."

२

मोजणीची खोली म्हणजे धक्का आणि लिलावाचं दालन यांच्या मधली एक चिंचोळी जागा. बोटीवरून टोपली उतरली की आधी इथे यायची. मावशी एकेक पाकट लाकडी पट्टीवर टाकायच्या, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माप घ्यायच्या, रजिस्टरमध्ये नोंद करायच्या आणि मग टोपली पुढे लिलावाला जायची. शेपूट कुणी मोजत नाही, कारण तिच्यावरच्या विषारी काट्याच्या भीतीनं खलाशी ती बोटीवरच छाटतात.

मावशी पन्नाशीच्या पुढच्या, हाडानं रुंद, कपाळावर आठ्यांची कायमची घडी. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. मी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"रविवारी कुलूप कुणी लावलं?"

"मीच."

"तेव्हा रजिस्टर होतं?"

"होतं."

"सोमवारी उघडलं कुणी?"

"मीच. तेव्हा नव्हतं."

झालं. यापुढे ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवून बसलेला माणूस मला लांबून ओळखता येतो. मी खोली बघायला लागलो. दाराशी नळ, नळाखाली साबणाची वडी. टेबलाखाली एक बादली, वर ओलं पोतं अंथरलेलं. पोतं उचलून मी बोट बुडवलं आणि सवयीनं जिभेला लावलं. समुद्राचं पाणी, ताजं.

"हात धुवायला," मावशी म्हणाल्या. मी विचारलंच नव्हतं.

वस्तू हरवलेला माणूस प्रश्न विचारून जीव नकोसा करतो. तुम्ही कुठे शोधलंत, कधी मिळेल, मिळेल ना नक्की? एकवीस वर्षं मी हेच प्रश्न ऐकले. मावशींनी मला यातला एकही विचारला नाही. आम्ही निघालो तेव्हा मात्र त्यांनी भाचीला थांबवलं.

"बाई, रजिस्टर नसलं म्हणून काय अडतंय? आकडे तर सगळे गेलेत तुमच्याकडे. वाढलेत ना?"

"वाढलेत, मावशी. म्हणून तर खाडी उघडणार आहेत."

मावशींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"उघडणार?" त्या म्हणाल्या. "कोण उघडणार? वाढलेत म्हणून उघडणार?"

आणि त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली ती आम्ही जाईपर्यंत.

३

आकडेवाला संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर बसायचा. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, टेबल इतकं नीटनेटकं की मला पहिल्यापासूनच संशय आला. त्यानं चहा मागवला आणि तो प्यायला विसरला.

"दर महिन्याला धक्क्यावर जाऊन मी रजिस्टर तपासतो," तो म्हणाला. "नियमच आहे तसा."

"मग तुमची चावी दाखवा."

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मी समोर पाहिलं. त्यानं खण उघडला, दोन फायली उचलल्या आणि तळातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. रजिस्टर्ड पोस्टाचं पाकीट. आत चावीचा आकार हाताला लागत होता.

पाकिटांच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. पाठीमागे शिक्का होता, अर्धा झाकणावर, अर्धा खालच्या कागदावर, आणि दोन्ही अर्धी वर्तुळं केसाइतकीही सरकलेली नव्हती. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"कुलूप कधी बदललं होतं?" मी भाचीला विचारलं.

"तीन वर्षांपूर्वी."

म्हणजे नवी चावी टपालानं आली आणि या गृहस्थानं पाकीट फोडलंच नाही. तीन वर्षांत हा त्या खोलीत पाय ठेवायला गेला नव्हता. चोर म्हणून तो त्याच क्षणी सुटला आणि कर्मचारी म्हणून त्याच क्षणी अडकला.

"मला मासळीच्या वासानं उलट्या होतात," तो खाली मान घालून म्हणाला. "लहानपणापासून. ही नोकरी मिळाली तेव्हा सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. मावशी मला फोनवर पानांचे फोटो पाठवतात. त्या कधी कुणाला बोलल्या नाहीत. मी आकडे भरतो आणि फोटो पुसून टाकतो, कुणी पाहू नयेत म्हणून."

"सगळे पुसले?"

"सगळे."

भाचीनं डोळे मिटून घेतले. मला त्याची कीव आली, खरं सांगायचं तर. माणूस एका छोट्या लाजेपायी किती मोठं कुंपण घालून बसतो!

"पानावर नोंद कशी असते?" मी विचारलं.

"मोठ्यासाठी रेघ, शेजारी माप. लहानासाठी टिंब, त्यालाही माप. टिंब कुठेही असू दे, वर, खाली, रेघेला चिकटून, मी एक पाकट धरतो." तो आता ओळीनं सगळं सांगत सुटला होता. "आणि बोटीचं नावही असतं समोर, पण आमच्या तक्त्यात बोटीसाठी रकाना नाही. म्हणून ते भरत नाही."

त्यानं तक्त्याची प्रत भाचीला दिली. दारापर्यंत आम्हाला पोहोचवायला आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मावशींनी चोरलं असेल असं मला वाटत नाही. ज्या बाईनं तीन वर्षं माझी नोकरी वाचवली, ती चोरी कशाला करेल?"

तोपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

४

चेअरमनचं ऑफिस लिलावाच्या दालनावर. जिना चढताना भिंतीवर एक पाटी लागली, लाल अक्षरांत: लिलावाआधी टोपलीतला माल उचलणाऱ्यास धक्क्यावर कायमची बंदी.

"मीच लिहिलाय नियम," चेअरमन म्हणाला. आडवा देह, भरघोस मिशा, बोलणं असं की पलीकडच्या बोटीवर ऐकू जावं. "पूर्वी येता जाता जो तो टोपलीत हात घालायचा. माल बोटीचा, घाम खलाशांचा, आणि खाणारा तिसराच. एकाला घालवलं, माझ्या सख्ख्या मेहुण्याला. तेव्हापासून कुणाची हिंमत नाही."

"मावशीवर संशय का?"

"मग कुणावर घेऊ? रोज त्या खोलीत तीच असते. वाईट वाटतं हो, तिचा मुलगा माझ्याच बोटीवर आहे, कामाला वाघ आहे. पण वही काय पाय फुटून गेली?"

तो खरंच दुखावलेला वाटला. मी विषय बदलला आणि धंदा कसा चाललाय ते विचारलं. त्यावर त्याची कळी खुलली.

"चांगला. पूर्वी दोन दोन दिवस लांब जावं लागायचं, माल बर्फात घालून आणायचा. गेली पाच वर्षं आम्ही खाडीच्या तोंडाशीच जाळी टाकतो. बंदीच्या रेषेच्या बाहेर हं, एक हातही आत नाही. तासाभरात धक्का. मासा टोपलीत तडफडत येतो. आता खाडी उघडली की तो तासही वाचेल."

"उघडेलच. अहवालात लहान पाकटं भरपूर आहेत असं लिहिलंय."

"लहान?" चेअरमननं कपाळाला आठ्या घातल्या. "कसली लहान? अहो, लिलावाचा प्रत्येक ढीग माझ्या डोळ्यांखालून जातो. पाच वर्षांत लहान पाकट मी एक पाहिलेलं नाही. येतं ते हे एवढं," त्यानं दोन्ही हात पसरले.

"नीट आठवा. लहान भरपूर असणं तुमच्या फायद्याचं आहे."

"फायद्याचं असेल नाहीतर तोट्याचं. नाही पाहिलं ते पाहिलं कसं म्हणू?"

जिना उतरताना भाचीनं माझा दंड घट्ट धरला. स्वतःच्या नुकसानीचं सांगणारा माणूस सहसा खोटं बोलत नसतो. आणि रजिस्टर त्यानं पळवलं असतं, तर त्यात लहान पाकटं आहेत हे त्याला ठाऊक असतं.

"मामा," भाची कुजबुजली, "गेल्या वर्षी टेबलावर दोनशे सत्त्याण्णव लहान पाकटं मोजली गेली. लिलावात एकही पोहोचलं नाही. मग ती गेली कुठे?"

५

बुधवारी सकाळी आम्ही भाचीच्या जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला. मला आकड्यांतलं फारसं कळत नाही, पण आवक-जावक कळते.

"मला दोन प्रश्न आहेत," मी म्हणालो. "पहिला, ही लहान सगळी वीस-एकवीस सेंटिमीटरची. मोठी सगळी साठच्या वर. मधली कुठायत? पोरं एकदम बापाएवढी होतात का तुमच्यात?"

"मीही विचारलं होतं. सर म्हणाले, मधली बंद खाडीत राहतात, म्हणून जाळ्यात येत नाहीत."

"बरं. मग आता तारखांप्रमाणे लाव. ज्या दिवशी मोठं एकही आलं नाही, त्या दिवशी लहान किती आली?"

तिनं कॉम्प्युटरवर काहीतरी केलं. मग पुन्हा केलं.

"शून्य," ती म्हणाली. "पाच वर्षांत एकही नाही."

"आणि लहान येतात कोणत्या महिन्यांत?"

"त्याच तीन. दर वर्षी."

टपालात एक पोचपावतीचं कार्ड असतं. जाताना ते रजिस्टर्ड पत्राला चिकटूनच जातं, सही होण्याआधी एकटं कधी फिरत नाही. पत्राशिवाय निघालेलं कार्ड मी छत्तीस वर्षांत पाहिलं नाही. पाण्यात आपापलं पोहणारं पिल्लू कधीतरी, एखाद्या तरी दिवशी, एकटं जाळ्यात सापडायला हवं होतं.

मी हे सांगत होतो आणि भाचीचा चेहरा उतरत चालला होता.

"पाकटं अंडी घालत नाहीत, मामा," ती सावकाश म्हणाली. "पिल्लं आईच्या पोटात वाढतात. आणि आई जाळ्यात सापडली की भीतीनं, ताणानं, पिल्लं वेळेआधीच बाहेर टाकते. हे मला शिकवलेलं आहे. मी स्वतः शिकवलेलं आहे! पण ते बोटीवर होतं, खलाशी पिल्लं तिथेच समुद्रात टाकतात, धक्क्यापर्यंत येत नाहीत, असंच मी धरून चालले."

"बोटी दोन दिवस लांब जायच्या तेव्हा. आता तासाभरात येतात. आई टोपलीत जिवंत असते."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. घर भरत नव्हतं. पिल्लं घालायला खाडीकडे निघालेल्या आया दारातच पकडल्या जात होत्या, आणि त्यांच्या पोटातलं संस्था नवी पिढी म्हणून मोजत होती.

"पण हा नुसता तर्क झाला," भाची म्हणाली. "बैठकीत म्हणतील, योगायोग. कोणतं टिंब कोणत्या रेघेचं, ते रजिस्टरमध्येच आहे."

"असणारच. आणि ते कुणाकडे आहे तेही मला कळलंय," मी उठत म्हणालो. "टोपली आणि लिलाव यांच्यामध्ये फक्त एक माणूस उभं असतं. एकटा जातो मी, तू येऊ नकोस."

६

मावशींचं घर धक्क्यामागच्या उतारावर, दोन खोल्यांचं. दुपारची वेळ. मुलगा समुद्रावर गेलेला. त्यांनी मला पाहिलं आणि दार उघडं टाकून आत जाऊन बसल्या.

"नळ दाराशी असताना हात धुवायला समुद्राचं पाणी कुणी भरत नाही, मावशी," मी म्हणालो. "मासा जिवंत ठेवायला भरतात."

त्यांनी बसल्या जागेवरून माझ्याकडे पाट सरकवला.

"पाच वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या, "एक आली आणि माझ्या डोळ्यांदेखत टोपलीत चार टाकली. घडी घातलेल्या रुमालासारखी होती हो. बादलीत टाकली तर घडी उलगडली, पंख हलवायला लागली. मी मेलेलं मोजायला बसलेली बाई. माझ्यापुढे जिवंत आलं. मला नाही जमलं. पायऱ्यांवरून पाण्यात सोडली. मग रोजचंच झालं ते. हलणारी सोडायचे, न हलणारीही सोडायचे. एखादं चावतंही." त्यांनी बोटाच्या चिंधीकडे पाहिलं. "चावतं म्हणजे काटा लागतो बारीक."

"सोडलीत ते सोडलीत. पण मोजलीत कशाला? लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं."

"असं कसं?" मावशींनी पहिल्यांदा माझ्याकडे रोखून पाहिलं. "मोजायला ठेवलंय मला. सोडली ती माझ्या मनानं. पण टेबलावर आलं ते लिहायचं नाही, असं कसं?"

सरकारी नोकरीत मी पुष्कळ प्रामाणिक माणसं पाहिली, पण स्वतःचा गुन्हा रोज सकाळी मापासकट लिहून ठेवणारी ही पहिलीच.

मग मी त्यांना तक्त्यातली गोष्ट सांगितली. टिंबं स्वतंत्र पाकटं म्हणून धरली गेली, त्यामुळे आकडा फुगला, म्हणून खाडी उघडणार.

"मी प्रत्येक टिंब त्याच्या आईखाली काढलंय," त्या म्हणाल्या. "त्यांना दिसलं नाही?"

"त्यांनी कधी टोपली पाहिली नाही. मावशी, रजिस्टर द्या. चांदणी पाकट वाचवायला आता तेवढंच आहे."

"आणि माझं? पाटी वाचलीत ना तुम्ही? लिलावाआधी टोपलीतून उचललं. सातशे नव्याण्णव वेळा उचललं. आणि बोटीचं नाव लिहिलंय समोर. माझ्या मुलाच्या बोटीची पानं बघाल तुम्ही. त्याला घालवलं तर कुठे जाईल तो? दुसरं काय येतं त्याला?"

कोपऱ्यात पांघरुणांची चळत होती आणि बोलताना त्यांची नजर दोनदा तिकडे गेली. हात लांबवला असता तर रजिस्टर माझ्या हातात आलं असतं. ते मी केलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याची पत्रं हाताळली, पण बंद पाकीट परवानगीशिवाय फोडलं नाही.

"उद्या दुपारी तीनला बैठक आहे," मी म्हणालो. "तुमचं नाव मी घेणार नाही. भाचीलाही सांगणार नाही."

माझ्यामागे कडी लागल्याचा आवाज आला.

७

बैठकीच्या लांबट खोलीत समितीचे पाच जण, अध्यक्षस्थानी भाचीचे सर, भिंतीशी आकडेवाला, आणि समोर चेअरमन चार बोटमालकांसह. मी पाहुणा म्हणून मागे बसलो. भाचीनं मला सकाळपासून दहा वेळा विचारलं होतं की रजिस्टर मिळालं का, आणि मी दहा वेळा मूग गिळून बसलो होतो.

तिनं चांगलं मांडलं. तारखा, मापं, तीन महिने, शून्य. सर चष्मा पुसत ऐकत राहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. वीस वर्षं या माशासाठी झटले होते आणि निवृत्तीआधी एकदा तरी तो सावरलेला पाहायची त्यांना आस होती.

"तर्क सुंदर आहे," ते शेवटी म्हणाले. "पण नोंदीत प्रत्येक पाकट स्वतंत्र आहे. पिल्लू त्याच आईचं, याला आधार काय?"

भाचीनं तक्त्याची पानं पुन्हा उलटली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सरांनी मसुद्यावर सही करायला पेन उघडलं.

तेवढ्यात दार ढकलून मावशी आत आल्या. धुतलेलं पातळ, छातीशी लाल पाठीचं रजिस्टर. कुणाकडेही न पाहता त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"मीच नेलं होतं," त्या म्हणाल्या. "ही रेघ म्हणजे आई. खालची टिंबं तिनं माझ्यासमोर टाकलेली. सातशे नव्याण्णव आहेत. एकही लिलावात गेलं नाही, मी सगळी पाण्यात सोडली."

आकडेवाला उठून टेबलापाशी आला. एक पान उलटलं, मग दुसरं, आणि म्हणाला, "सर, बरोबर आहे. चूक माझी आहे. मी कधी गेलोच नाही तिथे."

चेअरमन सावकाश उभा राहिला.

"माझ्या बोटींची किती?"

मावशींनी पान न बघता सांगितलं. "तीनशे सहा. त्यात माझ्या मुलाच्या बोटीची एकशे एकोणऐंशी. सगळ्यांत जास्त त्याचीच."

"तेही लिहिलंस?"

"लिहिलं."

"नियम मी लिहिलाय, मावशे," तो म्हणाला. "मेहुण्याला लावला, तुला लावला नाही तर माझं तोंड राहत नाही. उद्यापासून तू धक्क्यावर नाहीस. मुलगा राहू दे, त्यानं काही केलेलं नाही." मग सरांकडे वळून त्यानं तोच आवाज जरा उतरवला. "लिहून घ्या आकडे. आमचं नुकसान होणार ते होईल. पण तिनं मोजलंय म्हणजे तेवढेच असणार."

सरांनी पेन बंद केलं. मसुदा तासाभरात नव्यानं लिहिला गेला. धोका एक पायरी खाली येण्याऐवजी एक पायरी वर गेला, खाडी बंद राहिली, आणि त्या तीन महिन्यांपुरती बंदीची रेषा तोंडापासून बाहेर सरकवावी अशी शिफारस झाली.

बाहेर जिन्यात मावशी कठड्याला धरून उभ्या होत्या. भाची त्यांच्याजवळ गेली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"एक विचारू?" मावशी म्हणाल्या. "मी सोडलेली ती जगली असतील का गं?"

मला वाटलं, आता ही खोटं बोलेल. मी बोललो असतो. पण भाचीनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"वेळेआधीची होती, मावशी. पुष्कळशी गेली असतील. काही जगली असतील."

"काही म्हणजे किती?"

"ते कुणी मोजलेलं नाही."

मावशी रडल्या. अगदी मोकळ्यानं रडल्या, आणि आम्ही रडू दिलं. मग हाताच्या पाठीनं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "जगली असतील तर राहतील कुठे?"

"खाडीत. उथळ पाण्यात, ओहोटीला दिसतात कधीकधी."

"त्यानं मला धक्क्याची बंदी केलीय. खाडीची तर नाही ना?"

भाचीनं पिशवीतून कागद काढला, जिन्याच्या पायरीवर बसली आणि खाडीचा नकाशा काढायला लागली. मावशी तिच्या शेजारी टेकल्या आणि ओहोटीला पाणी कुठपर्यंत मागे जातं ते तिला बोटानं दाखवू लागल्या.